अर्ध्या सेकंदाने पुढे

१

मी दुकानांमध्ये कॅमेरे बसवतो. औषधांची दुकानं, गोदामं, शाळा, कधी एखाद्याचा बंगला. काम संपलं की मालकाला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, पडदा त्याच्याकडे वळवायचा आणि हात हलवायला सांगायचं. तो हात हलवतो आणि पडद्यावरचा तो जरा उशिराने हलवतो. दहातले सात-आठ जण दचकतात. मग मी सांगतो, साहेब, चित्र वायरीतून यायला अर्धा सेकंद घेतं, घाबरायचं कारण नाही. सोळा वर्षं हे एकच वाक्य म्हणतोय. तेव्हा या अर्ध्या सेकंदाच्या बाबतीत माझी चूक झाली असेल असं कोणी म्हणू नये.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी सहाला बाहेर पडते, दुपारी दोनला घरी. मी चार-साडेचारला येतो. पूर्वी मी आलो की ती चहा ठेवायची आणि दिवसभराचं सांगायला लागायची. कोणाची शीर सापडत नव्हती, कोण सुई बघूनच आडवा झाला. मी कप घेऊन आतल्या खोलीत जायचो, कारण मला कॉम्प्युटरवर दिवसाची रेकॉर्डिंग तपासायची असायची. ती दारापर्यंत येऊन उरलेलं सांगायची आणि मग परत जायची. हे माझ्या विरुद्ध जातं, पण झालं ते असं.

मग तिच्या मावसभावाने परदेशी जाताना आपला टीव्हीला जोडायचा गेमचा डबा तिला देऊन टाकला. हा मावसभाऊ दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा, आणि मला तो पहिल्यापासून डोळ्यासमोर नको असायचा. डब्याबरोबर एकच गेम होता. एक तळं, तळ्याकाठी माणसं सोडून गेलेलं गाव, आणि पिवळा रेनकोट घातलेली एक बाहुली. बाहुलीने गावात हिंडायचं, पडलेली दारं बसवायची, दिवे लावायचे. मारामारी नाही, शर्यत नाही. मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल.

कंटाळली नाही. मी घरी आलो की "चहा केलाय, गरम करून घे" एवढं ऐकू यायचं, तेही टीव्हीकडे बघत. बूट काढताना मी तिला पडद्याशी बोलताना ऐकलं. "थांब की जरा, येतेय ना." कोणाशी खेळतेस, असं विचारलं तर म्हणाली, एकटीच, बदकांशी बोलत होते. बदकं पडद्यावर होती हे खरं. पण माझ्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. इंटरनेटवरून हल्ली कोणीही कोणाच्याही गेममध्ये शिरतं, आणि तो डबा ज्याचा होता त्याला त्याचे पासवर्ड माहीत असणारच.

२

माणूस आपल्या धंद्याच्या बाहेर विचार करत नाही. दुसऱ्या कोणी बायकोला समोर बसवून विचारलं असतं, किंवा तिचा फोन तरी बघितला असता. मी वायर ओढली.

ती कामावर असताना अकराच्या सुमाराला घरी आलो. डब्यातून टीव्हीकडे जाणाऱ्या वायरीला मधे एक छोटी डबी लावली, एका चित्राची दोन करणारी. एक चित्र टीव्हीला, दुसरं भिंतीतल्या इंटरनेटच्या भोकातून आतल्या खोलीत. तिथे कॅप्चर कार्ड, म्हणजे बाहेरचं चित्र पकडून कॉम्प्युटरला देणारा बोटाएवढा तुकडा. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. असे डबे आपलं चित्र कुलपात ठेवतात, दुसऱ्या यंत्राला देत नाहीत. मग हॉलमध्ये जाऊन डब्याच्या सेटिंगमध्ये ते कुलूप काढलं, आणि आत येऊन बघतो तर तळं माझ्या कॉम्प्युटरवर. हॉलमधल्या वायरीवर पांढरी पट्टी चिकटवली, भिंतीच्या रंगाला मिळतीजुळती. आपल्या घरातली वायर मी इतक्या निगुतीने कधी झाकली नव्हती.

हे जोडकाम एकमार्गी असतं, हेही इथेच सांगतो. चित्र डब्यातून निघतं आणि कॉम्प्युटरला येतं. कॉम्प्युटरकडून डब्याकडे काही म्हणजे काही जात नाही. जायला रस्ताच नाही.

त्या दिवशी चार वाजता मी नेहमीसारखा आत जाऊन बसलो. पिवळा रेनकोट गावात एकटाच फिरत होता. बदकं होती. तिने एक खिडकी बसवली आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडी निराशा झाली.

तिसऱ्या दिवशी ती तळ्याच्या लाकडी धक्क्यावर उभी होती आणि चित्राच्या डाव्या कडेने एक माणूस आला. राखाडी शर्ट, हाताच्या बाह्या दुमडलेल्या. चेहरा दिसला नाही, कारण त्या गेममध्ये सगळं पाठीमागून दिसतं. तो येऊन तिच्या बाहुलीपासून दोन पावलांवर थांबला. हॉलमधली बटणांची टकटक बंद पडली. बराच वेळ दोघं नुसते उभे होते.

मग हॉलमधून तिचं हसणं ऐकू आलं. तिच्या हसण्याचे प्रकार मला पाठ आहेत. मैत्रिणीशी फोनवर हसते ते एक. माझ्या विनोदाला हसते ते दुसरं, त्यात दयाच जास्त. हे तिसरं होतं. लग्नाआधी सहा महिने मी ते रोज ऐकायचो, आणि नंतर ते कधी बंद झालं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी टेबलाची कड घट्ट धरली. अंगाची नुसती आग आग झाली.

३

दुसऱ्या दिवशी घरात शिरताशिरता बाहेरून येणाऱ्या इंटरनेटची पिन काढून ठेवली. मावसभावाची चांगली जिरली असं म्हणत आत बसलो. राखाडी शर्टवाला दहा मिनिटांत आला.

मग डब्याबरोबर आलेला दुसरा कंट्रोलर, हातात धरून बटणं दाबायचा, तो शोधला. तो टीव्हीखालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आला तसाच गुंडाळलेला होता. मी कॅमेरे बसवलेल्या एका दुकानात गेमच विकतात. त्या मालकाला सहज विचारल्यासारखं विचारलं, या गेममध्ये कॉम्प्युटरचा स्वतःचा असा जोडीदार असतो का. तो म्हणाला, नाही, दुसरा माणूस यायचा तर दुसरा कंट्रोलर चालू असावा लागतो, हातात धरून कोणीतरी खेळावं लागतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही कधीपासून खेळायला लागलात? मी विषय बदलला.

आता हा जो कोणी होता, त्याचं वागणं सांगतो, म्हणजे माझा का तिळपापड व्हायचा ते कळेल. तिने फळी उचलली की तो दुसरं टोक धरायचा. ती चालताना थांबली की तोही थांबायचा, पुढे जायचा नाही. एकदा तिने एका घराचं कपाट तीनदा चुकीच्या भिंतीला लावलं. तो तीनही वेळा ते धरून उभा राहिला. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार चार वर्षं एका बिजागरीवर लोंबतंय आणि माझ्या पिशवीत ड्रिल असतं, हे मला त्या वेळी आठवलं आणि त्याचाच जास्त राग आला. असलं गोड वागायला काय जातं? तळ्याकाठी राहायला मिळालं तर मीही वागेन.

ती बदलली. केस मोकळे सोडायला लागली. मी घरात आलो की बघून हसायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "जा, बस आत." घाई असायची तिला, मी आत जावं म्हणून. हे माझ्या ध्यानात आलं. मी उगाच विचारलं, काय विशेष, आज खुशीत दिसतेस. ती म्हणाली, "तुला माहीत नाही होय?" आणि टीव्हीकडे वळली.

एक दिवस कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून मी मुद्दाम घरी गेलोच नाही. सहापर्यंत एका गोदामात बसून राहिलो. नंतर रेकॉर्डिंग तपासलं. पिवळा रेनकोट धक्क्यावर गेला. थांबला. वीस मिनिटं थांबला. मग तिने बंद केलं. पुढचे दोन दिवस हाच प्रयोग केला, हेच दिसलं. चौथ्या दिवशी मी खुर्चीवर बसलो, आणि बसता क्षणी तो डाव्या कडेने आला.

म्हणजे मी असलो की तो यायचा. मी नसताना तिला भेटायला मोकळं रान होतं, तरी यायचा नाही. असा कुठला माणूस असतो, जो नवरा घरात असतानाच येतो?

४

मी खुर्ची मागे सरकवली आणि दार अर्धवट उघडलं. त्या जागेवरून दोन्ही पडदे एकदम दिसतात, माझा समोर आणि हॉलमधला टीव्ही तिरका. दोन पडदे शेजारी दिसले की मी आपोआप उशीर मोजतो, ती सवयच आहे.

पिवळा रेनकोट टीव्हीवर वळायचा आणि अर्ध्या सेकंदाने माझ्याकडे वळायचा. बरोबर. टीव्हीवर बदक उडायचं, मग माझ्याकडे. बरोबर.

राखाडी शर्टवाल्याने हात उचलला. आधी माझ्या पडद्यावर, नंतर टीव्हीवर.

डोळे चोळून पुन्हा बघितलं. तो खाली वाकला, माझ्याकडे आधी. तो धक्क्यावरून उतरला, माझ्याकडे आधी. एकाच चित्रात ती मागे होती आणि तो पुढे. असं होऊच शकत नाही. चित्र एक असतं, उशीर झाला तर सगळ्यालाच होतो. मी स्वतःला समजावलं की डोळे थकलेत, की टीव्ही तिरका दिसतोय म्हणून फसगत होतेय. मग एक ते दहा आकडे म्हणत दहा वेळा मोजलं. दहाच्या दहा वेळा तो माझ्याकडे अर्धा सेकंद पुढे होता.

याचा अर्थ लावायला मला हुशारी लागत नाही, रोजचं काम आहे माझं. जे जिथे आधी दिसतं, ते तिथून निघालेलं असतं. ती टीव्हीकडून माझ्याकडे येत होती. तो माझ्या इथून तिच्याकडे जात होता.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर कोणीतरी गाडी पुसत होतं, सगळं उजेडात होतं. मी वळून मागे बघितलं. भिंत, वायरींची भेंडोळी, कॅलेंडर. पुन्हा समोर बघितलं तर पडद्यावरचा तो चालता चालता थांबला होता, आणि त्याची मान थोडी वळलेली होती. अजून थोडी वळली असती तर गाल दिसला असता. मी पडदा बंद केला.

हॉलमधून ती म्हणाली, "का रे थांबलास?"

५

मी बाहेर आलो. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, कंट्रोलर मांडीवर. चेहरा इतका मोकळा होता की बोलायला जड गेलं. मी विचारलं, कोणाला म्हणालीस?

"तुला. अजून कोणाला?"

मग तिने ती पांढरी पट्टी दाखवली. पहिल्याच दिवशी दिसली म्हणाली. केर तीच काढते, भिंतीवर नवी पट्टी आली तर तिला दिसणारच. तिला वाटलं, मी डबा कॉम्प्युटरला जोडला म्हणजे मला खेळायचंय, पण तिच्या मावसभावाच्या वस्तूला नावं ठेवून झाल्यामुळे आता सांगायची लाज वाटतेय. म्हणून ती बोलली नाही. बोलली असती तर मी थांबलो असतो, असं तिला वाटलं. मधले तीन दिवस मी घरी नव्हतो आणि धक्क्यावरही कोणी आलं नाही, तेव्हा तर तिला खात्रीच पटली.

"धक्क्यावर येऊन तू पहिल्या दिवशी नुसता उभा राहिलास ना," ती म्हणाली, "तेव्हाच ओळखलं मी. तुला काय करायचं ते सुचत नव्हतं."

त्या वेळी मी "हो" म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. तिने तीन आठवडे जे काही दिलं, ते सगळं माझ्याच नावावर दिलं होतं, आणि मी हात पुढे केला असता तर ते मला मिळालं असतं. पण मला ते नको होतं. मला त्याचं नाक कापायचं होतं. फळीचं दुसरं टोक धरणारा तो, आणि त्याचं कौतुक मी का घ्यायचं?

"तो मी नाही," मी म्हणालो. "मी खेळत नव्हतो. मी नुसता बघत होतो."

"बघत होतास?"

"तू कोणाशी खेळतेस ते."

"रोज?"

"रोज."

तिने पाय खाली घेतले. रडेल, भांडेल, अशी माझी तयारी होती. मग तो कोण, हे तर ती विचारेलच असं मी धरून चाललो होतो, आणि मला तेच हवं होतं, कारण त्यानंतर दोघांनी मिळून त्याला घाबरता आलं असतं. तिने ते विचारलं नाही. पट्टीकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघितलं, लॅबमध्ये ती अनोळखी माणसाकडे बघत असेल तसं, नाव काय, उपाशीपोटी आहात का.

६

मला अजून जिंकायचं होतं. मी म्हटलं, थांब, दाखवतो तुला. मी आत नसलो की तो येत नाही. म्हणजे तो कोणी नाहीच, यंत्रातला काहीतरी दोष आहे, तूच बघ. आत जाऊन मी कॉम्प्युटरचा पडदा चालू केला, खुर्ची टेबलाखाली सारली आणि दार ओढून घेतलं. पिशवी फाडून दुसरा कंट्रोलर काढला आणि तिच्या शेजारी बसलो. लग्नानंतर त्या सोफ्यावर आम्ही असे शेजारी किती वेळा बसलो असू कोण जाणे.

ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली. तळं शांत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी बटणं दाबली, माझी बाहुली काही आली नाही. कंट्रोलरचा दिवा लागत नव्हता. पण तोही आला नव्हता. मी म्हणालो, बघ.

आतल्या खोलीत खुर्चीची चाकं फरशीवरून सरकली.

मग वजन पडल्यावर ती खुर्ची जो श्वास सोडते, तो आवाज. तो मी रोज करतो, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता. टीव्हीवर डाव्या कडेने राखाडी शर्ट आला आणि दोन पावलांवर थांबला.

ती टीव्हीकडे बघतच नव्हती. बंद दाराकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळे. मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला, कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला, गॅस लागला. मी हाक मारली. ती डाग निघत नसल्यासारखी ओटा पुसत होती, एकाच जागी, चहा उकळेपर्यंत.

ती आली तेव्हा ट्रेमध्ये दोन कप होते. एक माझा असेल असं मला वाटलं. ती माझ्या समोरून गेली आणि कोपराने दार ढकलून आत शिरली.

दार पुरतं लागलं नाही. फटीतून टेबलाचा कोपरा दिसत होता, पडद्याचा निळा उजेड आणि खुर्चीचा हात. त्या हातावर दुमडलेली एक बाही होती. बोटं वर आली आणि त्यांनी कप घेतला. तिची बोटं कपावरून लगेच निघाली नाहीत. ती आज लॅबमध्ये आलेल्या एका म्हातारबुवांचं काहीतरी सांगत होती, आणि मधे मधे कोणीतरी हळू आवाजात विचारत होतं, "मग?" ती हसली. तिसरं हसणं.

मी उठून बघायला हवं होतं. चेहरा बघायची भीती वाटली, हे खरं आहे, पण अर्धंच. तो चेहरा माझाच निघाला असता आणि माझ्यापेक्षा बरा दिसला असता, तर मी काय केलं असतं? मी सोफ्यावर बसून तिचं बोलणं ऐकलं. म्हातारबुवांची शीर तिसऱ्या वेळी सापडली. इतकं लांब तिने मला कधी सांगितलं होतं, की मी ऐकलं नव्हतं?

थोड्या वेळाने ती बाहेर आली. दार मागे लावून घेतलं. माझ्या हातातल्या कंट्रोलरकडे बघितलं, भिंतीवरच्या पट्टीकडे बघितलं, आणि कामाला आलेल्या माणसाशी बोलावं इतक्या चांगुलपणाने म्हणाली, "माझा नवरा विचारतोय, वायरीचं काम झालं का तुमचं?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. थट्टा नव्हती, राग नव्हता, ओळख नव्हती.

"झालं," मी म्हणालो.

ती जाऊन बाहेरचं दार उघडून उभी राहिली. मी बूट घालत होतो तेवढ्या वेळात दोनदा तिची नजर आतल्या खोलीकडे गेली. चहा निवत होता तिचा.